रिकामी बाटली घेऊन येणारी माणसं

औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक तीन तऱ्हेचं. एक चिठ्ठी पुढे करतं, एक औषधाचं नाव सांगतं आणि एक काउंटरवर रिकामी बाटली ठेवून गप्प उभं राहतं. मी सुरतेत उधना दरवाज्याजवळच्या दुकानात कामाला लागलो तेव्हा, म्हणजे साठीच्या दशकाच्या मध्यावर, आमच्याकडे तिसऱ्या तऱ्हेचं गिऱ्हाईकच जास्त यायचं. बाटली ठेवायची, बोटाने जरा पुढे सरकवायची, झालं. ‘हीच द्या’ एवढंही म्हणायची गरज नसायची.

हा अडाणीपणा, असं बंगल्यात राहणाऱ्यांना वाटेल. मला नाही वाटत. खानदेशातून यंत्रमागावर कामाला आलेली आमची माणसं बारा-बारा तासांची पाळी करायची. डॉक्टरकडे जायचं म्हणजे दिवस मोडायचा. मग लिंबायत, डिंडोलीकडून जो कुणी शहरात यायचा, त्याच्या पिशवीत चाळीतल्या चार खोल्यांच्या रिकाम्या बाटल्या असायच्या. चिठ्ठी भिजते, उंदीर कुरतडतो, शिवाय ती वाचता यावी लागते. बाटलीचा आकार मात्र ठरलेला, रंग ठरलेला, वर नाव छापलेलं. निरक्षर माणसाला याहून भरवशाचा कागद कुठला? माझी आईसुद्धा खोकल्याचं औषध असंच मागवायची. त्यामुळे ही रीत मला परकी नव्हती, आणि चूक झाली ती त्यामुळेच.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी कुणी विचारो न विचारो सांगतो, आताही सांगितलं. वडील नंदुरबारकडच्या खेड्यातून सुरतेला आले आणि मागावर उभे राहिले. मी फार्मसीची पदवी घेऊन आलो तेव्हा ते सगळ्या चाळीत सांगत फिरले, “मना पोऱ्या डॉक्टरनी चिठ्ठी वाची दखाडस.” माझा पोरगा डॉक्टरची चिठ्ठी वाचून दाखवतो. डॉक्टरचं अक्षर लागतं, यापलीकडे माझ्या पदवीचा काय उपयोग हे त्यांना कधी नीट कळलं नाही. गिऱ्हाइकांनाही नाही. दुकानात माझी पदवी काचेच्या चौकटीत टांगलेली होती, तरी मी शेवटपर्यंत ‘कंपाउंडरभाऊ’च राहिलो. मालक कांतिशेठ तेवढे मला ‘पाटीलभाई’ म्हणायचे.

मला सांगायचंय ते डोळ्यात घालायच्या एका प्रकारच्या थेंबांबद्दल. नाव लिहीत नाही. नाव छापलं की वाचणारा उठून दुकानात मागायला जातो, हा माझा अनुभव आहे. बाटली लहान, करंगळीएवढी. तिच्यात औषधं मात्र दोन. एक जंतू मारणारं आणि दुसरं स्टिरॉइड, म्हणजे सूज आणि लाली उतरवणारं. ही जोडी ज्याने जुळवली त्याला मी मनातून नमस्कार करतो. आमच्या मराठी शाळेतल्या जोशीबाईंच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज आली होती. उजेड सहन होईना, डोकं फुटेल अशी वेदना. डॉक्टरांनी हे थेंब दिले आणि तिसऱ्या दिवशी बाई वर्गावर हजर. मग त्यांनी आपल्या मनानेच थेंब बंद केले, कारण बरं वाटत होतं. आठवडाभरात डोळा पहिल्यापेक्षा वाईट झाला. या वेळी डॉक्टरांनी त्यांना पायऱ्या उतरल्यासारखं उतरवलं. आधी तासातासाला, मग दिवसातून चारदा, तीनदा, दोनदा, एकदा. रोज शाळा सुटल्यावर त्या दुकानात यायच्या आणि आज कितव्या पायरीवर आहोत ते मला सांगून जायच्या. डोळा वाचला. बाई निवृत्त होईपर्यंत फळ्यावर सुंदर अक्षर काढत होत्या.

म्हणजे हे औषध वाईट नाही. चांगल्या हातात ते सोन्यासारखं आहे. गोम अशी की ते लाली उतरवतं आणि लाली हा डोळ्याचा ओरडा आहे. ओरडा बंद झाला म्हणजे दुखणं गेलं असं नाही. काही जंतू असे असतात की त्यांना हे स्टिरॉइड मानवतं. डोळा बाहेरून पांढरा दिसतो आणि ते आत बुबुळ पोखरत राहतात. आणि काही माणसांच्या डोळ्यात हे थेंब दिवसेंदिवस पडले तर डोळ्याच्या आतला दाब वाढतो. दुखत नाही, खुपत नाही. दाब हळूहळू डोळ्यामागची नस चेपत जातो आणि नजर कडेकडेने जायला लागते. कुणाच्या डोळ्यात असं होईल आणि कुणाच्या नाही, हे आधी कळत नाही. हे सगळं मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलं होतं, गुण मिळवले होते.

आता आमच्या माणसांना हे थेंब एवढे का लागायचे ते सांगतो. मागाच्या कारखान्यात कृत्रिम रेशमाची बारीक लव हवेत उडत असते. डोळे चुरचुरतात, लाल होतात. आणि लाल डोळ्याच्या माणसाला कारखान्याचा मास्तर, म्हणजे मुकादम, दारातूनच परत पाठवायचा. डोळ्यांची साथ आली तर सगळं खातं बंद पडेल, अशी त्याला भीती. त्याचंही चूक नव्हतं. पण लाल डोळा म्हणजे खाडा, हे समीकरण पक्कं झालं. मग कुणाच्या तरी हाती ही बाटली लागली आणि लोकांना कळलं की दोन दिवस थेंब घातले की डोळा दुधासारखा पांढरा. एकेका खोलीत आठ-आठ जण राहायचे. चार दिवसपाळीला, चार रातपाळीला, आणि आरशाशेजारच्या खुंटीला एक बाटली. पाळीला निघताना भांग पाडायचा, दोन थेंब घालायचे आणि निघायचं.

त्या पिशवीतून येणाऱ्या बाटल्यांमध्ये एक बाटली होती, तिच्या गळ्याला हिरवा रेशमी तार, म्हणजे धागा, बांधलेला असायचा. गर्दीत आपली बाटली ओळखू यावी म्हणून. गाठ इतकी बारीक आणि सुबक की सोडवताना नख लागायचं. महिन्या-सव्वा महिन्याने ती यायची. मी हिरवा तार काढून नव्या बाटलीला बांधायचो आणि द्यायचो. हातातलं ते छोटंसं काम मला आवडायचं, हेही कबूल करतो. बाटलीवर छापलेलं होतं की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये. मी त्या बाटलीला ओळखत होतो. तिच्यामागच्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं.

सत्तर साल उलटल्यावरची गोष्ट. उन्हाळ्यातली दुपार होती. दुकानाच्या पायरीला ठेच लागून एक माणूस आत आला, येता येता दाराच्या चौकटीवर खांदा आपटला आणि हसला. पन्नाशीचा, किडकिडीत, धोतर आणि पांढरा सदरा. त्याने काउंटरवर हिरव्या ताराची बाटली ठेवली. मी म्हटलं, बरं झालं, आज बाटलीचे मालक स्वतः आले. तर म्हणाला, बाटली आणणारा गावी गेलाय.

त्याचं नाव सुखदेव. सगळे त्याला नाना म्हणायचे. तो मागावर नव्हता, तार जोडायचा. माग चालवणाऱ्यालाही जमणार नाही असं हे काम. एका बीमवरचं, म्हणजे मागामागच्या रुळावरचं, सूत संपत आलं की नवं बीम लावतात आणि जुन्या सुताच्या प्रत्येक तंतूला नव्याचा तंतू बोटांनी गाठ मारून जोडावा लागतो. हजारो तार, केसापेक्षा बारीक, एकाला एक, ओळीने. एक जरी इकडचा तिकडे गेला तर कापडात रेघ पडते. सुखदेवनाना हे वीस वर्षं करत होता. कारखान्यांचे मास्तर त्याला नावाने बोलावून न्यायचे.

मी बाटली घ्यायला हात पुढे केला तेव्हा तो गंमत सांगितल्यासारखं म्हणाला, “भाऊ, आते दिवाले बी कडं दखास. सात रंगनं.” दिव्याभोवती सात रंगांचं कडं दिसतं. इंद्रधनुष्यासारखं, म्हणाला, छान दिसतं.

माझा हात तिथेच थांबला. पुस्तकातलं डोळ्याच्या दाबाचं ते पान मला आठवलं, अगदी उजव्या बाजूचं, खालचा परिच्छेद. मी त्याला म्हटलं, नाना, माझ्या नाकाकडे बघा. आणि त्याच्या कानाच्या रेषेत माझी दोन बोटं धरून हलवली. विचारलं, किती?

“काय किती?”

बोटं पुढे आणली. आणखी पुढे आणली. जवळजवळ त्याच्या डोळ्यासमोर आली तेव्हा तो म्हणाला, “दोन.” दाराच्या चौकटीवर खांदा का आपटला ते मला कळलं.

कधीपासून घालताय म्हणून विचारलं. तो आठवत म्हणाला, गेल्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीपासून. आणि या वर्षीची आखाजीही होऊन गेली होती. बाटली मुळात त्याची नव्हतीच. खोलीतल्या एका जोडीदाराचे डोळे आले होते, त्याला कुठल्याशा डॉक्टरने दहा दिवसांसाठी दिली होती. जोडीदार गाव सोडून कायमचा परत गेला, बाटली खुंटीला राहिली. तार जोडणाऱ्याला दर दोन-तीन दिवसांनी नवा कारखाना, म्हणजे नवा मास्तर आणि डोळ्यांची नवी तपासणी. त्यामुळे बाकीचे कधीमधी घालायचे आणि नाना रोज, सकाळ-संध्याकाळ. वरून त्याला वाटे की थेंबांमुळेच आपली नजर टिकून आहे.

मी औषध दिलं नाही. त्याला वाटलं माल संपला. म्हणाला, समोरच्या दुकानात मिळेल का? मी एप्रन काढून खुंटीला अडकवला आणि शेठना म्हटलं, तासाभरात येतो. भर दुकानाच्या वेळी मी असा कधी बाहेर पडलो नव्हतो. शेठनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि स्वतः काउंटरवर येऊन उभे राहिले.

नानपुऱ्यात डॉक्टर नलिनीबेनचा दवाखाना होता. ठेंगणी, पांढरी साडी, जाड चष्मा, आवाज खालच्या पट्टीतला. तिच्याइतकी स्वच्छ चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर मी उभ्या जन्मात पाहिला नाही. किती थेंब, कितीदा, आणि शेवटी कोणत्या दिवशी बंद, हे ती गुजरातीत लिहायची आणि खाली रेघ मारायची. पण तिच्याकडे जाणारे रुग्ण वेगळे आणि आमच्या काउंटरवर बाटली ठेवणारे वेगळे.

तिने नानाला बाकावर उताणं झोपवलं, डोळा बधिर करणारा थेंब घातला आणि बुबुळावर एक छोटंसं यंत्र अलगद टेकवलं. त्याला मोजपट्टीवर फिरणारी सुई असते. डोळा मऊ असेल तर सुई बरीच हलते, कडक असेल तर थोडीच. सुई हलल्यासारखी झाली आणि थांबली. दुसऱ्या डोळ्याला तेच. मग तिने त्याला भिंतीवरच्या काळ्या कापडासमोर बसवलं, मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं, आणि काठीच्या टोकाला लावलेली पांढरी टाचणी कडेने आत आणायला लागली. दिसली की सांगा. ती जिथे जिथे दिसली तिथे खडूने खूण करायची. सगळ्या खुणा झाल्यावर कापडावर एक वर्तुळ उरलं. ताटाएवढं असायला हवं होतं, वाटीएवढं होतं.

नलिनीबेनने बाटली उचलली, तारीख पाहिली आणि विचारलं, “आ कोणे आप्या?” हे कोणी दिले?

नानाने मान वळवली. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला प्रश्न कळला होता, गुजराती त्याला माझ्याइतकीच यायची. तो भिंतीकडे बघत राहिला. जन्मात एकदा भेटलेल्या माणसाला तो पाठीशी घालत होता.

“मी दिले,” मी म्हटलं. “दर महिन्याला. रिकामी बाटली पाहून.”

ती मला रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, गेलेली नजर परत येणार नाही. आहे तेवढी राखता येईल. मधली नजर, ज्याने तो काम करतो, ती अजून शाबूत आहे. पण इथून पुढे नियम पाळायचे. मग माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, “त्या खोलीत आणखी किती जण आहेत?”

सात, मी म्हटलं.

मागांच्या सुट्टीच्या दिवशी ही बाई आपलं यंत्र पेटीत घालून सायकलरिक्षातून लिंबायतच्या चाळीत आली. सुरतेतली नावाजलेली डोळ्यांची डॉक्टर, खाटेशेजारी गुडघ्यावर बसून एकेकाच्या बुबुळावर सुई टेकवत होती. माणसं आधी लाजली, मग थट्टा करायला लागली, सुई कुणाची जास्त हलते याच्या पैजा लागल्या. सात जणांचे डोळे ठीक निघाले. नानाच्या मात्र नशिबी आलं होतं. जाताना तिने नानाने परत आणून खुंटीला लावलेली जुनी बाटली काढून पेटीत टाकली आणि म्हणाली, हिच्या तळाशी आता औषध कमी आणि आठ जणांच्या डोळ्यांची घाण जास्त आहे. फीचं विचारलं तर म्हणाली, पाणी द्या. चाळीतल्या बायकांनी तिला चहा पाजूनच सोडलं.

उपचार सुरू झाले. ते थेंब बंद, आणि दाब उतरवणारे दुसरे थेंब दिवसातून चार वेळा. हे घालायचे कसे ते मी नानाला शिकवलं. हात धुवायचे. खालची पापणी ओढून खळगा करायचा, त्यात एकच थेंब, बाटलीचं टोक कशालाही लागू द्यायचं नाही. मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरायचा, नाहीतर औषध नाकातून घशात जातं. दुसरं औषध घालायचं तर पाच मिनिटं थांबून. बाटली उघडल्यावर महिन्याने फेकायची, आत उरलेलं असलं तरी. नाना सगळं ऐकून म्हणाला, एवढं काम तर एका बीमला लागतं.

या थेंबांनी बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी लहान होते, त्यामुळे उजेड कमी वाटायचा. सोबत गोळ्याही होत्या, आणि त्या गोळ्यांनी बोटांना मुंग्या यायच्या. डोळ्याचं त्याने मुकाट्याने सोसलं होतं, बोटांचं मात्र सोसेना. एके दिवशी दुकानात येऊन त्याने दोन्ही हात काउंटरवर पालथे ठेवले. म्हणाला, भाऊ, बोटं माझी वाटत नाहीत. डोळा वाचवून मी करू काय?

नलिनीबेनला मी हे जाऊन सांगितलं. ती म्हणाली, सहा आठवडे कळ काढा, दाब उतरला की गोळ्या बंद करते. त्या सहा आठवड्यांत त्याला काम नव्हतं. तो रोज येऊन काउंटरजवळच्या स्टुलावर बसायचा.

इकडे दुकानात माझी वेगळीच लढाई सुरू होती. रिकामी बाटली पाहून हे थेंब द्यायचे नाहीत, असं मी ठरवलं होतं. लोक चिडायचे. “एवढे दिवस दिलं ते काय होतं?” एकाने विचारलं. कांतिशेठना मी सांगितलं की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल. त्यांनी पानाचा विडा तोंडात सारला, नाना बसला होता त्या स्टुलाकडे पाहिलं आणि म्हणाले, “तो जवा दो.” जातंय तर जाऊ द्या. व्यापारी माणसाच्या तोंडून हे शब्द निघायला काय लागतं ते दुकानदारी केलेल्यालाच कळेल.

ज्यांच्याकडे चिठ्ठी असायची त्यांच्या बाटलीवर मी कागद चिकटवून बंद करायची तारीख लिहायला लागलो. नाना हे पाहत होता. चार दिवसांनी म्हणाला, हे तुम्ही कुणासाठी लिहिता? वाचता येणाऱ्याला आधीच माहीत असतं. मग सदऱ्याच्या खिशातून रेशमी ताराचं भेंडोळं काढलं, विचारलं, यांना किती दिवसांचं आहे? मी म्हटलं सात. त्याने तार बाटलीच्या गळ्याला बांधला आणि लोंबत्या टोकाला सात गाठी मारल्या. समोर उभ्या असलेल्या बाईला सांगितलं, रोज झोपताना एक गाठ कातरायची. गाठी संपल्या की बाटली गटारात. गाठी संपायच्या आधी थांबायचं नाही, संपल्यावर एक थेंब घालायचा नाही.

मी पदवीधर माणूस, मला हे सुचलं नव्हतं. गाठ मारायला त्याला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागत होता. दोनदा तार सुटला. त्याने तो पुन्हा पकडला आणि मी दुसरीकडे पाहिलं.

त्यानंतर तो स्टुलावर नुसता बसला नाही. पाच गाठींच्या, सातच्या, दहाच्या दोऱ्या करून ठेवायचा. जोशीबाईंसारखं पायरी-पायरीने उतरायचं असेल तर एकेका पायरीला वेगळ्या रंगाचा तार. दोऱ्या घेऊन मी नलिनीबेनकडे गेलो. तिने एक दोरी उचलून गाठी मोजल्या आणि विचारलं, त्यांच्या बोटांना मुंग्या येत असताना केल्या या? मग तिनेच ओंजळभर ठेवून घेतल्या. तिच्या दवाखान्यातून बाटल्या गाठी लावून यायला लागल्या.

सहा आठवड्यांनी सुईने दाब उतरल्याचं दाखवलं. गोळ्या बंद झाल्या. थेंब मात्र कायमचे. काळ्या कापडावरचं वर्तुळ वाटीएवढंच राहिलं, पण लहान झालं नाही. पुढे मोतीबिंदू लवकर येऊ शकतो हेही तिने सांगून ठेवलं. आणि म्हणाली, आता काम करून बघा. फक्त एकटे मागांच्या गल्लीतून चालू नका. बाजूने येणारा मागाचा फिरता पट्टा तुम्हाला दिसणार नाही.

बमरोलीकडच्या एका कारखान्याच्या मास्तरने एक बीम द्यायचं कबूल केलं. नानाशी जुनी ओळख होती त्याची. पण मालकाला पटत नव्हतं, आणि त्याचंही बरोबरच होतं. बीम बिघडलं तर सगळं सूत वाया. एवढंच ठरलं की नीट झालं तर नाना परत कामावर, नाही झालं तर पुन्हा विचारायचं नाही. माझी सुट्टी होती, मी गेलो. नाना म्हणाला होता, येऊ नका. तरी गेलो.

मास्तरने मागच्या बाजूला मोठा दिवा लावून दिला होता, लहान बाहुलीला उजेड जास्त लागतो हे मीच त्याला सांगितलं होतं. नाना पाय मोडून मागाच्या मागे बसला. डोकं पूर्वीसारखं स्थिर नव्हतं. कडेचं दिसत नसल्याने तो मान हळूहळू डावीकडून उजवीकडे नेत होता, शेतात पाणी सोडणारा वाफ्यामागून वाफा बघत जातो तशी. डाव्या हाताच्या बोटांनी जुना तार, उजव्या हाताने नवा, अंगठ्याखाली पीळ, गाठ. पुढचा. मधे दोन वेळा थेंब घालायला थांबला. प्रत्येक वेळी मिनिटभर नाकाजवळ बोट दाबून बसायचा आणि आजूबाजूचे माग धडधडत राहायचे. मी सकाळी गेलो होतो. शेवटची गाठ पडली तेव्हा उन्हं कलली होती.

मास्तरने माग सुरू केला. गाठी फणीतून पुढे सरकायला लागल्या. हा वेळ मोठा वाईट असतो. सैल गाठ तिथे सुटते, चुकीचा तार तिथे अडकतो. आम्ही तिघंही त्या सुताकडे बघत होतो. मालकही येऊन उभा राहिला. मास्तरने एकदा माग थांबवला, वाकून एक तार काढला, जोडला आणि पुन्हा सुरू केला. थोड्या वेळाने आणखी एकदा थांबवला. मग नाही थांबवला. हातभर कापड उतरलं. मालकाने ते दोन बोटांत धरून दिव्यासमोर आडवं-उभं फिरवून पाहिलं आणि मास्तरला म्हणाला, परवा तीन नंबरचं बीमही उतरायचं आहे, यांना सांगून ठेवा. आणि ऑफिसात निघून गेला.

मी नानाला हात देऊन उठवलं. इतके महिने जी माफी मागायची राहिली होती ती मला तिथे मागायची होती. तोंडही उघडलं होतं मी. पण माग धडधडत होता आणि नाना कापडाकडे बघत होता.

“दोन तार चुकनात,” तो म्हणाला. “पहिले एक चुके.”

मग माझ्या हातावर टिचकी मारून हसला.

“एक मना, एक तुमना.”